क्रीडा दिनाला शास्त्रीय संगीत लावताय? या चुका टाळा

यंदा क्रीडा दिनाला शास्त्रीय संगीत लावू, असं कुणी म्हटलं की स्टाफरूममध्ये हमखास उत्तर येतं, "पोरं झोपतील हो सर!" द्रुत, म्हणजे जलद, तीनतालातला तराणा किंवा सतारीवरचा ‘झाला’ (वादनाचा शेवटचा भरधाव भाग) मन लावून ऐकलेल्या माणसाला ही भीती वाटत नाही. तरी पुष्कळ ठिकाणी हा बेत फसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा डीजेची गाणी वाजतात. फसतो, कारण निवड खोलीत बसून, मोबाईलला इअरफोन लावून होते. ऐकायचं असतं मैदानावर, भोंग्यातून, शेकडो पोरांच्या कलकलाटात, आणि त्या तालावर पाय पडायचे असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या शाळांत संगीताचं आणि खेळाचं काम एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावणे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. रागाच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी ताल नसलेला संथ आलाप असतो, मग जोड, मग विलंबित, म्हणजे संथ लयीतली गत. आपल्याला हवा असलेला द्रुत भाग आणि झाला शेवटी येतो. संचलनाचं पहिलं पथक निघालं आणि भोंग्यातून आलाप सुरू झाला, तर दोष आलापाचा नाही. फाईल कापून घ्यायला हवी होती.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचंही तेच. संगीतकार रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या १८२९ च्या ऑपेराचं प्रास्ताविक घोड्यांच्या दौडीसारख्या शेवटच्या भागासाठी जगभर ओळखलं जातं. पण ते सगळं मिळून बारा मिनिटांच्या आसपास आहे आणि सुरू होतं चेलो या मोठ्या तंतुवाद्याच्या अगदी हळव्या सुरांनी. दौड शेवटच्या तीनेक मिनिटांत येते. तेवढीच काढून घ्या. राव्हेलचं १९२८ चं ‘बोलेरो’ तर मैदानासाठी घेऊच नका. ते इतक्या हळू आवाजात सुरू होऊन चढत जातं की पहिली कित्येक मिनिटं लोक माईकवाल्याकडे बघत राहतील, मशीन बंद पडलं म्हणून.

कापताना शेवटही नीट निवडा. आपल्या संगीतात तिहाई आहे, तीनदा येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडणारी. आवाज हळूहळू कमी करून गत गुंडाळण्यापेक्षा ती तिहाईवर संपवा आणि कवायतीची शेवटची रचना नेमकी त्या समेवर बांधा. पाचवी-सहावीची मुलं हे दोन-तीन सरावांत पकडतात, आणि मग तिहाईची वाट बघायला लागतात. क्रीडा दिनात शास्त्रीय संगीत आणायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. ताल म्हणजे काय हे मुलाला पायातून कळतं.

पायांचा हिशेब न करणे

संचलनाची नेहमीची गती मिनिटाला ११६ ते १२० पावलं. लहान वर्गांसाठी ११० च्या आसपास ठेवली तरी चालतं. रेकॉर्डिंगच्या १५ सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा, म्हणजे गती कळते. मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, मिनिटाला २४० च्या घरात आल्या तर घाबरू नका, दोन मात्रांना एक पाऊल बसतं. तीनतालाच्या १६ मात्रांत मग बरोब्बर आठ पावलं येतात आणि सम दर वेळी डाव्या पायावर राहते. केरव्याच्या आठ मात्राही अशाच सरळ.

रूपक ऐकायला फार सुंदर, पण सात मात्रांचा. मात्रेला एक पाऊल टाकलं तर सम एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर येते आणि रांग विस्कटते. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो, दादरा तीन-तीन असा. दोघांचेही ठोके "डावा-उजवा"शी भांडतात. हे ताल बक्षीस समारंभाला किंवा पाहुणे बसताना वाजवा. संचलनाला तीनताल आणि केरवा याच दोघांवर भरवसा ठेवा.

मैदानाच्या दोन टोकांना दोन भोंगे

हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चांगलं संगीतही वाया जातं आणि बोलणी बसतात मुलांना. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० पावलं म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. भोंग्यापासून ८५ मीटर लांब असलेल्या मुलाला ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणजे जवळच्या मुलाचा पाय जमिनीवर पडतो तेव्हा लांबच्याचा अजून हवेत असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पीटी सर मात्र लांबच्या रांगेवर ओरडतात.

त्यात दुसऱ्या टोकाला दुसरा भोंगा असेल तर त्या मुलाला एकच ठोका दोनदा ऐकू येतो. द्रुत लयीत या दोन ठोक्यांची नुसती खिचडी होते. म्हणून दोन्ही भोंगे व्यासपीठाच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी बांधायला सांगा. सामूहिक कवायतीला रांगा खोल करण्यापेक्षा रुंद करा. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत वीस मीटर अंतर असेल तर फरक डोळ्यांना दिसतही नाही. संचलन मैदानाला पूर्ण फेरी मारणार असेल, तर शाळेच्या घोषपथकातला मोठा ढोल पथकासोबतच चालवा.

भोंग्याची आणखी एक खोड आहे. खालचा, घुमणारा आवाज त्यातून नीट निघत नाही. तबल्याचा बायाँ (डावा), पखवाजाची गंभीर थाप, वाद्यवृंदातले मोठे बास हे सगळं हरवतं आणि ज्या ठोक्यावर मुलं पाय टाकणार होती तोच गायब होतो. सनई, संतूर, जलतरंग, सतारीचा झाला, व्हायोलिन, तबल्याचा चाटेवरचा (कडेवरचा) स्पष्ट बोल हे भोंग्यातून छान पोचतात. सनई तर मोकळ्यावर वाजण्यासाठीच घडलेली. निवडलेली प्रत्येक फाईल आधी त्याच माईकवाल्याच्या सेटवर, त्याच मैदानात वाजवून बघा आणि स्वतः शंभर पावलं लांब जाऊन ऐका.

शर्यत सुरू होतानाही संगीत चालू ठेवणे

शंभर मीटरची शर्यत वीस सेकंदांच्या आत संपते. तिला पार्श्वसंगीत काय करायचंय? सुरुवातीच्या इशाऱ्याला पूर्ण शांतता हवी. नाहीतर कडेच्या लेनमधला मुलगा उभाच राहतो आणि नंतर रडवेला होऊन सांगतो, "सर, आवाज उना नही," म्हणजे आवाज आलाच नाही. त्याचं वर्षभराचं पळणं त्यात जातं. संगीत दोन शर्यतींच्या मधे वाजवा. लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, रस्सीखेच यांना मात्र ते जोरात चालू द्या, तिथे मजाच येते.

जपानमधल्या शाळांच्या क्रीडा दिनाला, उंदोकाईला, ऑफेनबाखच्या १८५८ च्या ‘ऑर्फियस इन द अंडरवर्ल्ड’मधलं गॅलप (भरधाव नाचाची धून), कबालेव्स्कीचं ‘कॉमेडियन्स’मधलं गॅलप, खाचातुरियनच्या १९४२ च्या ‘गायने’ बॅलेतला ‘सेबर डान्स’ अशा रचना अगदी ठरलेल्या असतात. अशा खेळांना आपल्याकडेही त्या शोभतील. संचलनाला नकोत, त्यांचा वेग पावलांना झेपत नाही.

राग फक्त पाठ्यपुस्तकातून निवडणे

कोणता राग कोणत्या वेळी हे सांगणाऱ्या समयचक्राचा उपयोग जरूर करा. सकाळी आठ-नऊला देसकार किंवा अल्हैया बिलावल, ऊन तापल्यावर वृंदावनी सारंग. आपल्याकडे डिसेंबरातही अकराच्या पुढे मैदानावर चटका बसतो आणि सारंगाची ती उघडी, चपळ चाल त्या उन्हात खरंच बरी वाटते. पण हंसध्वनी, शंकरा, दुर्गा यांची द्रुत बंदिश हातात असेल आणि केवळ हे रात्रीचे राग म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवत असाल, तर तसं करू नका. मैफल वेगळी, मैदान वेगळं. जपायचं ते रागाच्या स्वभावाला. मारवा, श्री, तोडी हे गंभीर राग आहेत. लय कितीही चढली तरी ते उत्साहाच्या कामाचे नाहीत.

शब्द असलेल्या बंदिशीपेक्षा तराणा घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. घरी अहिराणी, पावरी, भिली, उर्दू बोलणारी मुलं एकाच रांगेत उभी असतात. "तोम् तननन, दिर दिर" सगळ्यांना सारखंच परकं आणि सारखंच आपलं. मुलं ते तोंडानं म्हणत पावलं टाकतात.

लेझीम मात्र रेकॉर्डिंगवर लावूच नका. तिचा स्वतःचा आवाज असतो. तिला समोर जिवंत ढोल किंवा हलगी हवी. अक्कलकुवा, धडगावकडे ढोल आणि पावरी (हे फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारी माणसं गावातच असतात. त्यांना मानानं बोलवा. शास्त्रीय संगीत आणायचं म्हणून सातपुड्याचा ढोल मैदानाबाहेर ठेवणं, ही या लेखातली सगळ्यात दुखरी चूक आहे.

शाळेचा तबला बसणार असेल तर तो मांडवाच्या सावलीत ठेवा. पहाटेच्या दवात मिळवलेला तबला दहाच्या उन्हात सुरात चढतो आणि पेटीशी भांडतो. हातोडी जवळ असू द्या.

यूट्यूबवरून थेट वाजवणे

ध्वजाला मानवंदना देत पथक पुढून जातंय आणि मधेच साबणाची जाहिरात सुरू. नेटवर्क गेलं की तेही बंद. फाईली पेनड्राइव्हवर घ्या, नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे टाका, दुसरा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. मोबाईलवरूनच वाजवायचं असेल तर फ्लाइट मोड लावा, नाहीतर कुणाच्या तरी फोनची रिंग अख्खं मैदान ऐकेल.

विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच श्रोते असतील, तर शाळेच्या कार्यक्रमात रेकॉर्डिंग वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट. रोसिनीची रचना मुक्त असली तरी तिचं नवं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं, त्यामुळे व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. मुलांनी स्वतः वाजवलेलं टाकलं तर ही अडचण बहुतेक येत नाही.

बक्षीस समारंभात मुलांची नावं पुकारताना संगीत पूर्ण थांबवा, दोन नावांच्या मधल्या टाळ्यांतही. आईबापांना नाव ऐकायचं असतं. सगळी बक्षिसं वाटून झाल्यावर भैरवीतली एखादी छोटी धून लावा आणि तीही राष्ट्रगीताच्या आधी मिनिटभर बंद करा, म्हणजे रांगा सावरतात. राष्ट्रगीताचे ते ५२ सेकंद मुलांनाच गाऊ द्या, भोंगा बंद ठेवून.