फोन टेकवा आणि दहा श्वास मोजा

झाड, पाणी, ढग शूट करताना आपण सारखा फोन फिरवत राहतो, मग त्यावर कितीही छान बासरी लावली तरी व्हिडिओ काही शांत वाटत नाही.

१. फोन दगडावर नाहीतर बॅगेवर टेकवा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस-एक्सपोजर लॉक करा, नाहीतर ढग आला की उजेड वरखाली होतो आणि सगळी मजा जाते.

२. रेकॉर्ड दाबून अगदी सावकाश दहा श्वास मोजा, साधारण 1 मिनिटाचा शॉट मिळतो. झूम अजिबात नको.

३. बासरीआधी 5 सेकंद नुसता पाण्याचा आवाज ठेवा, नंतर हळू करा पण पूर्ण बंद नको.

दुसऱ्याची बासरी मात्र परवानगीशिवाय वापरू नका, राग जुना असला तरी रेकॉर्डिंगवर कॉपीराइट असू शकतो.