बंदुकीवर वाद घालायचाय? आधी शब्द ठरवा

ग्वाल्हेरात लग्नाच्या पंगतीत नाहीतर फॅमिली ग्रुपवर बंदुकीचा विषय निघाला की भांडण ठरलेलं, आणि नीट ऐकलं तर निम्मं भांडण शब्दांवरून चाललेलं असतं.

तर पहिल्यांदा विचारा, कुठल्या बंदुकीबद्दल बोलताय. कपाटातली लायसनवाली बारा बोर दुनाली आणि कुणाच्यातरी कमरेला खोचलेला बिनलायसनचा गावठी कट्टा, दोन्हींना नुसतं "हत्यार" म्हटलं की काका एकाबद्दल बोलतात, भाचा दुसऱ्याबद्दल, आणि दोघं तासभर तावातावाने. लायसनवाला निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करतो, 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला तीनऐवजी दोनच ठेवता येतात, कट्टेवाला यातलं काय जुमानतो?

मग क्रियापद पकडा, इथेच खरी गंमत आहे. "गोळी सुटली", "गोळी लागली" असं कोणी म्हणालं की लगेच विचारायचं, झाडली कुणी? वरातीत माणूस मेला तरी आपल्याकडे "हर्ष फायरिंगमध्ये दुर्घटना", म्हणजे आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळ्या, हर्ष कसला डोंबलाचा! दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून असं केलं तर कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी तर सरळ "नवऱ्याच्या मामाने गोळी झाडली" असंच बोलतो, मुलाकडचे रुसले तर रुसू देत.

कोणी अमेरिका काढली तर जरा जपून. तिकडे एआर-15 सारख्या एकाच रायफलला विरोधक "असॉल्ट वेपन" म्हणतात, विकणारे "मॉडर्न स्पोर्टिंग रायफल", आणि "गन कंट्रोल" म्हटलं की लोक बिथरतात म्हणून बरेच जण आता "गन सेफ्टी" म्हणतात. एआर-15 मधला एआर म्हणजे असॉल्ट रायफल असं बोलून गेलात तर मेलात, ते कंपनीचं नाव आहे, आर्मालाइट, मग समोरचा तेवढंच धरून बसणार आणि शाळेत मेलेली पोरं राहिली बाजूला. त्यापेक्षा नाव सोडा, काम सांगा: ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी, पण भराभर दाबता येतो.

आणि हो, सोज्वळपणाही बेतानेच. आजोबा 1972 ला जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं खाली ठेवून शरण आलेल्या चंबळच्या डाकूंना "बागी", म्हणजे बंडखोर, म्हणतात, त्यांना टोकत बसू नका, फक्त विचारा की ज्यांच्या घरी दरोडा पडला ते काय म्हणायचे. पण "चंबळवाले सगळे असेच" असं कोणी म्हणालं तर तिथे मात्र टोकाच.