कोंचो, कोल्मादो आणि ‘आओरीता’: डोमिनिकन बोलीत निभावून कसं न्यायचं

आधी देश पक्का करा. जुलै २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणात १७१ धावा ठोकल्या ते रोसो शहर डोमिनिका या वेगळ्याच देशाचं, आणि तिथे इंग्रजी चालतं. आपला विषय डोमिनिकन रिपब्लिक, म्हणजे हैतीला लागून असलेला, स्पॅनिश बोलणारा देश. तिकीट काढताना गोंधळ होतो, कारण डीओएम हा विमानतळाचा कोड डोमिनिकाचा आहे. राजधानी सांतो दोमिंगोला उतरायचं तर एसडीक्यू बघा.

पुस्तकी स्पॅनिश शिकून गेलात तरी पहिले दोन दिवस काही कळत नाही. दोष शब्दांचा नसतो, गाळलेल्या अक्षरांचा असतो. शब्दाच्या शेवटचा ‘स’ जातो, दोन स्वरांमधला ‘द’ जातो: पेस्कादो (मासा) चा ‘पेस्काओ’ होतो. ‘एस्ता तोदो’, म्हणजे सगळं ठीक, याचं उरतं फक्त ‘ता तो’. राजधानीत अक्षराच्या शेवटचा ‘र’ ‘ल’सारखा येतो, पुएर्ता (दार) चं ‘पुएल्ता’. उत्तरेच्या सिबाओ भागात त्याच जागी ‘इ’ येते, कोमेर (जेवणं) चं ‘कोमेइ’. ऐकताना हे गाळलेलं मनात भरून घ्यायचं. बोलताना मात्र पूर्ण शब्द बोला, नक्कल करू नका, ती चिडवल्यासारखी वाटते. त, द, प आपल्याला घरचेच असल्यामुळे मराठी माणसाचा उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा लवकर बसतो.

भेटल्यावर तरुण मुलं ‘के लो के?’ म्हणतात, मेसेजमध्ये नुसतं केएलके. ‘काय चाललंय?’ इतकाच अर्थ. उत्तर ‘ता तो’. वयस्कर माणसाला, दुकानदाराला किंवा पोलिसाला हे म्हणू नका. तिथे ‘ब्वेनास’ (नमस्कार) आणि ‘उस्तेद’ (आदरार्थी तुम्ही). दुकानातल्या बाईने तुम्हाला ‘मी आमोर’, म्हणजे माझ्या प्रेमा, म्हटलं तर त्यात काही नाही. ती सगळ्यांनाच तसं म्हणते.

कोल्मादो म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पण संध्याकाळी तोच कट्टा होतो. मोठी गाणी, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, डॉमिनोजचा डाव. फोन केला की पोरगा मोटरसायकलवर सामान घरी आणून देतो. तिथला सगळ्यात उपयोगी शब्द ‘चिन’, म्हणजे थोडंसं, आणि ‘चिन चिन’ म्हणजे अगदी इवलंसं. तेल, टोमॅटोची पेस्ट, लसूण असं सगळं चिनाच्या हिशेबात मिळतं. वजन मात्र पौंडात, म्हणजे ‘लिब्रा’त: १ लिब्रा सुमारे ४५४ ग्रॅम. अर्धा किलो मनात धरून ‘मेदिया लिब्रा’ मागितलंत तर हातात २२५ ग्रॅमच्या आसपास येईल. उधारीला ‘फिआओ’ म्हणतात आणि पाटीही ओळखीची: ‘ओय नो फीओ, मान्याना सी’, आज उधार नाही, उद्या नक्की. पैशांना ‘क्वार्तो’, सुट्ट्यांना ‘मेनूदो’, आणि खिसा रिकामा असेल तर ‘एन ओया’, शब्दशः पातेल्यात. बियर मागायची तर ‘उना फ्रीआ’, एक थंड. बाटलीवर पांढरं दव धरलेलं असेल तर तिला ‘वेस्तीदा दे नोविआ’ म्हणतात, नवरीच्या पोशाखातली. मोठी बाटली घेऊन ती छोट्या ग्लासांत वाटून घेण्याची पद्धत आहे.

कोंचो समजायला वडाप आठवा. ठरलेल्या रस्त्यावर धावणारी जुनी मोटार, मागे चार, पुढे ड्रायव्हरशेजारी दोन. पुढची मधली जागा गियरला खेटून असते, उंच माणसाने ती टाळावी. हात करून थांबवा, बसायच्या आधी चौकाचं नाव विचारा, कारण गाडी वळली की तुमचा रस्ता सुटला. सुटे पैसे हातात ठेवा. उतरायच्या आधी ‘एन ला एस्किना’ (कोपऱ्यावर) किंवा ‘दोंदे प्वेदा’ (जमेल तिथे) म्हणा, आणि दार हळू लावा, त्यावर ड्रायव्हर फार हळवे असतात. बस म्हणजे ‘ग्वाग्वा’. चिलीत हाच शब्द तान्ह्या बाळासाठी आहे, त्यामुळे चिलीच्या माणसाला ‘ग्वाग्वा पकडली’ म्हणताना जपून. मोटोकोंचो म्हणजे मोटरसायकलवरची टॅक्सी. तिचं भाडं बसण्याआधी ठरवायचं. उतरल्यावर घासाघीस करणाऱ्या परक्याला जास्तच पडतं. फुकट लिफ्ट म्हणजे ‘बोला’.

वेळेच्या बाबतीत एक शब्द हमखास फसवतो. मेक्सिकोत ‘आओरीता’चा अर्थ बहुतेकदा ‘आत्ता’; इथे तो ‘नंतर, केव्हातरी’. प्लंबर आओरीता येतो म्हणाला की दार उघडं ठेवून बसू नका. लगेच हवं असेल तर ‘आओरा मीस्मो’. वीज गेली की गल्लीभर ‘से फ्वे ला लूस’ ऐकू येतं, आणि ते अक्षरशः आपलं ‘लाईट गेली’ आहे. म्हणून घर भाड्याने घेताना ‘इन्वेर्सोर’ (इन्व्हर्टर) आहे का ते विचाराच. राखणदाराला ‘ग्वाचिमान’ म्हणतात. तो आपलाच वॉचमन, फक्त वेगळ्या वाटेने आलेला.

पत्त्यांमध्ये सांतो दोमिंगोला कुणी सांतो दोमिंगो म्हणत नाही, ते ‘ला कापिताल’. जुनं शहर ‘ला सोना’. मोठे रस्ते आडनावाने किंवा आकड्याने ओळखले जातात: ला केनेडी, ला लिंकन, ला वेइंतीसिएते. हा शेवटचा म्हणजे २७ फेब्रुवारीचा रस्ता, १८४४ च्या स्वातंत्र्याच्या तारखेवरून. प्वेर्तो प्लाता ‘अटलांटिकची नवरी’, सांतियागो ‘हृदयाचं शहर’, सान पेद्रो दे माकोरीस ‘पूर्वेची सुलताना’. ही नावं फलकांवर आणि क्रीडावार्तांत जास्त, तोंडी कमी. खरा खड्डा माकोरीसचा आहे. सान पेद्रो दे माकोरीस पूर्वेला किनाऱ्यावर, सान फ्रान्सिस्को दे माकोरीस सिबाओत. तिकीट खिडकीवर नुसतं ‘माकोरीस’ म्हणू नका.

जेवणात ‘ला बांदेरा’ (झेंडा) म्हणजे भात, घेवड्याची उसळ आणि मांस. ‘लोस त्रेस गोल्पेस’ (तीन ठोसे) म्हणजे उकडून कुस्करलेल्या हिरव्या केळ्यांच्या मांगूबरोबर तळलेलं चीज, सलामी आणि अंडं. शाकाहाऱ्याने ‘सिन कार्ने’वर (मांसाशिवाय) थांबू नये, कार्ने म्हणजे बऱ्याचदा फक्त गोमांस समजतात आणि ताटात कोंबडी येते. ‘सिन पोयो, सिन सालामी’ असं एकेक नाव घ्या. भाताच्या पातेल्याची खरवड म्हणजे ‘कोंकोन’. ती मागितलीत तर घरची बाई खूश होते. संत्र्याला ‘चीना’, पपईला ‘लेचोसा’.

काही शब्द फक्त समजून घ्यायचे. ‘तीगेरे’ (वाघ) म्हणजे गल्लीत तयार झालेला चलाख माणूस: मित्राने म्हटलं तर कौतुक, अनोळखी माणसाला तुम्ही म्हटलंत तर भांडण. ‘पारीग्वायो’ म्हणजे बावळट.

आणि स्वतःची ओळख सांगताना ‘सोय इंदिओ’ म्हणू नका. तिथे इंदिओ हा कातडीच्या रंगाचा शब्द आहे, ओळखपत्रांवरही वर्षानुवर्षं तसाच लिहिला गेलेला. समोरचा तुमच्याकडे बघून नुसती मान डोलावेल, आणि तुम्ही कुठून आलात हे त्याला कळणारच नाही. ‘सोय दे ला इंदिया’, म्हणजे मी भारतातला, असं म्हणा.