बांबूच्या पहिल्या वर्षातले गवत आणि कार्बनचा हिशेब

परतीचा पाऊस ओसरून जमिनीला वाफसा (मशागतीजोगी ओल) येईल, तो आठवडा यंदाच्या बांबू लागवडीसाठी निर्णायक आहे. जून-जुलैत लावलेल्या रोपांभोवती या दिवसांत कमरेइतके गवत उभे असते, शेतकरी सोयाबीनच्या काढणी-मळणीत गुंतलेला असतो, पाठोपाठ हरभरा-ज्वारीच्या पेरणीची घाई येते आणि ‘बांबू काय, आपोआप वाढतो’ असे म्हणून त्या तुकड्याकडे कोणी फिरकत नाही. उन्हाळ्यात रोपे गेली की दोष पाण्याला दिला जातो. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मेलेल्या लागवडींचा निकाल ऑक्टोबरातल्या या गवतानेच लावलेला होता.

कारण साधे आहे. कोवळ्या बांबूची मुळे वरच्या वीतभर-हातभर थरातच पसरतात आणि हराळी, कुंदा, केना यांची मुळेही तिथेच असतात. उरलेली ओल गवत पिऊन टाकते, काळी जमीन लवकर भेगाळते, भेगांत बांबूची कोवळी मुळे तुटतात आणि मग दिलेले पाणीही भेगेतून खाली निघून जाते. त्यातून वाचलेले रोप एप्रिल-मे महिन्यात शेजाऱ्याने पेटवलेल्या धुऱ्याच्या (बांधाच्या) तोंडी सापडते, कारण वाळलेले गवत आग थेट बुंध्यापर्यंत आणते.

हा प्रश्न बांबूपुरता नाही. स्वीडन, ब्रिटनसारख्या देशांत ऊर्जापीक म्हणून, म्हणजे जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी, विलो या झाडाची लागवड होते, साधारण तीन वर्षांनी तोडणी होते आणि खोडाला पुन्हा फूट येते. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज त्याच कुळातला. तरीही युरोपातला विलो थंड, ओलसर हवेचा असून मराठवाड्याच्या सुमारे 680 मिलिमीटर मोसमी पावसावर तो कोरडवाहू जमिनीत टिकणार नाही, तेव्हा त्याची कांडी कोणी विकायला आणल्यास घेऊ नये. त्या पिकाकडून घ्यायचे ते एवढेच, की तिथेही लागवड फसण्याचे मोठे कारण पहिल्या वर्षाचे तण हेच मानले जाते.

म्हणून वाफसा येताच प्रत्येक रोपाभोवती दोन-अडीच फुटांचे आळे खुरप्याने स्वच्छ करावे. कुदळ खोल घालू नये. बुंध्याला चार बोटे माती चढवावी आणि त्यावर सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) किंवा वाळलेला पाला वीतभर जाडीने पसरावा, मात्र वाळवीमुळे तो बुंध्याला टेकू देऊ नये. तणनाशकाचा मोह टाळावा. बांबू स्वतः गवतकुळातला असल्यामुळे सोयाबीनमधील अरुंद पानांच्या तणांवरचे औषध उडून आले तरी त्याला इजा होते, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर तर केंद्र सरकारने 2022 मध्ये परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. रोपाच्या पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा केल्यास रोप उन्हाळ्यात अधिक हिरवे राहते असे दिसते; याला शिफारशीचा आधार नाही, पण खर्चही नाही.

इतर कामे:
- मेलेल्या रोपांच्या जागा मोजून ठेवणे; नांगे, म्हणजे या रिकाम्या जागा, पुढच्या जूनमध्ये भरणे.
- ओल असताना प्रतिरोप 50 ग्रॅम युरिया, बुंध्यापासून दूर, मातीआड.
- कुजलेले शेणखत 5 ते 10 किलो व निंबोळी पेंड 250 ग्रॅम प्रतिरोप.
- जानेवारीपासून दर 8-10 दिवसांनी पाणी.
- होळीपूर्वी तुकड्याभोवती 10 फुटांचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढलेली पट्टी.
- मोकाट जनावरांसाठी काटेरी कुंपण.

महागड्या ह्युमिक द्रावणाची किंवा ‘फुटवा वाढवणाऱ्या’ बाटलीची गरज या यादीत कुठेच नाही. कृषी सेवा केंद्रात ती हमखास पुढे केली जाते, परंतु त्याच पैशात दोन मजूर लावून सगळ्या तुकड्याची आळी स्वच्छ होतात आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो.

आता बांबूत साठणाऱ्या कार्बनचे पैसे मिळवून देतो असे सांगत, करार घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांविषयी. वाळलेल्या बांबूच्या वजनात कार्बन जवळपास निम्मा असतो आणि कार्बनचे वजन 3.67 ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते, इतके खरे आहे. पण हा गुणाकार ओल्या बांबूच्या वजनावर केला जातो, तिथे फसगत होते. ताज्या तोडलेल्या बांबूत निम्म्याच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे 1 टन ओल्या मालात कार्बन पाव टनाच्या घरात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.9 टन निघतो, 3.67 टन नव्हे. शिवाय पेलेट (दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्या) करून बॉयलरमध्ये जाळलेल्या बांबूतला कार्बन पुन्हा हवेतच जातो. त्याने कोळसा वाचतो हा लाभ वेगळा, साठा मात्र जमिनीतल्या कंदांत, मुळांत, कुजलेल्या पाल्यात आणि उभ्या बेटातच राहतो. एकच माल इंधन आणि साठा असा दोन्हीकडे मोजून दाखवणाऱ्याच्या करारावर सही करू नये, आणि करार किती वर्षांचा आहे, तोडणीचा हक्क कोणाकडे राहतो व रोपे मेल्यास भरपाई कोणी द्यायची, हे मराठीत लिहून घ्यावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण पहिल्या वर्षी गवतात गेलेल्या रोपाचा साठा शून्य असतो आणि अशा करारात ती जबाबदारी सहसा शेतकऱ्यावरच टाकलेली असते.

तोडणीचा विचार चौथ्या वर्षापूर्वी करू नये. त्यानंतर तीन वर्षे पूर्ण झालेल्या काठ्या पावसाळा संपल्यावर, जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर कापाव्यात आणि त्या वर्षाचे कोंब राखावेत. पाला धुऱ्यावर पेटवून न देता बेटातच पसरावा, म्हणजे खालचे गवतही दबते.