ॲपिस्टोग्रामाचा गट कसा ओळखावा

ॲपिस्टोग्रामा म्हणजे टाकीत पाळले जाणारे दक्षिण अमेरिकेतले छोटे सिक्लिड मासे, थोडक्यात ॲपिस्टो. ॲपिस्टोचा गट, म्हणजे एकमेकींसारख्या जातींचा समूह, रंगावरून ठरवू नका. दुकानात येणारे अगासिझी किंवा ककाटुओइडीस या जातींचे 'डबल रेड' मासे हे निवडक पैदाशीतून आलेले वाण आहेत आणि नदीतल्या माशात तो लाल रंग तितका नसतोच. भरवसा ठेवायचा तो काळ्या खुणांवर. अंगावरचा आडवा पट्टा, पोटावरच्या रेघा, गालावरची रेघ आणि शेपटीच्या मुळाशी असलेला ठिपका, एवढ्या चार गोष्टी आधी पाहा.

त्याआधी मासा मुळात ॲपिस्टोग्रामा आहे ना, याची खात्री करून घ्या. रॅम या दुसऱ्या छोट्या सिक्लिडचं वर्णन 1948 साली याच प्रजातीत (जीनसमध्ये) झालं होतं, पण आता तो मायक्रोजिओफॅगस या वेगळ्या प्रजातीत मोडतो. ॲपिस्टोच्या गुदपरात, म्हणजे पोटाखालच्या मागच्या परात, साधारण तीन काटे असतात. सहा-सात किंवा त्याहून जास्त मोजले तर तो ॲपिस्टोग्रामॉइडीस या वेगळ्या प्रजातीचा असण्याची शक्यता मोठी.

मग फोटो काढा. नव्या माशाला पालापाचोळा आणि लपायला जागा असलेल्या टाकीत दोन आठवडे निवांत राहू द्या. घाबरलेल्या ॲपिस्टोचा आडवा पट्टा फिका पडतो आणि उभे पट्टे उमटतात, त्यामुळे आणल्या दिवशीचा फोटो हमखास फसवतो. पूर्ण वाढलेला नर शांत असताना आणि पर ताणून दाखवत असताना, अगदी बाजूने टिपा. मादीचे दोन फोटो हवेत, एरवीचा आणि पिल्लं राखतानाचा. पिल्लं राखणारी मादी पिवळीजर्द होते, तिचा आडवा पट्टा बहुधा तुटतो आणि त्या जागी काळे डाग राहतात. एवढ्याच फोटोवरून गट सांगायला जाऊ नये.

आता खुणा वाचा. अगासिझीचा आडवा पट्टा शेपटीच्या परात शिरून टोकाकडे जातो आणि नराची शेपटी भाल्यासारखी एकटोकी असते. ट्रायफॅसिएटात छातीच्या पराच्या मुळापासून गुदपराकडे एक तिरका पट्टा उतरतो. ही खूण दिसली की काम बरंच सोपं होतं. स्टाइंडॅक्नरी गटात कुशीच्या मध्यावर ठसठशीत डाग शोधा. मॅकमास्टरी, व्हिएजिता, हाँग्सलोई ही ओरिनोको नदीच्या खोऱ्यातली मंडळी. त्यांच्या नरांची शेपटी गोलसर असते आणि पाठीच्या परावर लांब तुरे नसतात. निसेनी आणि पँडुरो पेरू देशातले. त्यांच्यात पँडुरोच्या शेपटीच्या मुळाशी मोठा त्रिकोणी डाग असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेपटीवरून. ककाटुओइडीस आणि बायटेनिएटा, दोघांच्याही नरांना दोन टोकांची शेपटी आणि पाठीवर लांब तुरे असतात, म्हणून दुकानदार त्यांना एकाच नावाने विकून मोकळे होतात. तोंड आणि पोट पाहिलं की फरक उमगतो. ककाटुओइडीसचं तोंड मोठं, ओठ जाड आणि आडव्या पट्ट्याखाली बारीक रेघांची रांग असते. बायटेनिएटाचं शरीर सडपातळ आणि खाली एकच दुसरा पट्टा, त्याचं नावही त्यावरूनच पडलंय. शेपटीचा आकार म्हणून शेवटी तपासा. कोवळ्या नरात तो पुरता आलेला नसतो आणि भांडणात फाटलेली शेपटी वेगळीच दिसते.

यानंतरही दोन जाती अडल्या तर मासा कुठून पकडला, ते विचारा. पराग्वे नदीकडचा बोरेली आणि ओरिनोकोकडचा मॅकमास्टरी यांत गल्लत व्हायला नको. खालच्या जबड्यावरची रंध्रं चार की पाच, हा अभ्यासकांचा भक्कम निकष आहे, पण जिवंत माशात ती मोजायचा हट्ट धरू नका.

एकाच गटातल्या दोन जाती एका टाकीत ठेवू नका. माद्या एकमेकींत ओळखू येत नाहीत, संकर होतो आणि त्या पिल्लांना मग कोणतंच नाव लावता येत नाही. जातीची खात्री नसेल तर चिठ्ठीवर नावाआधी 'सीएफ' म्हणजे 'याच्यासारखा' असं लिहा आणि नदीचं नाव व आणल्याची तारीख जोडा.