बिबट्या न आणता बिबट्याचा पिक्चर कसा काढायचा (ठाणेकरांसाठी)

जंगल ॲडव्हेंचर काढायचाय म्हटलं की ठाण्यातली पोरं आधी कॅमेरा घेऊन येऊरला पळतात, पण ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं आहे, तिथे शूटिंगला वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ड्रोन तर विसराच. त्यापेक्षा मुरबाड-शहापूरकडे ओळखीत कुणाची तरी वाडी निघतेच, मालकाला विचारून जुलै-ऑगस्टमध्ये जा, तेव्हा चार झाडं आणि वाढलेलं गवत पण घनदाट रान वाटतं.

स्टोरीत बिबट्याला व्हिलन करू नका प्लीज. येऊरच्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला (म्हणजे वाघ-बिबट्या दोघांनाही) देव मानतात, तिथलीच एखादी मुलगी हिरो घ्या आणि व्हिलन म्हणजे फासे लावणारा माणूस. फासा बाइकच्या क्लच वायरचा असतो, तो गवतात घोट्याएवढ्या उंचीवर दाखवा, क्लोजअपमध्ये नुसता तिचा हात वायर सोडवताना, बास, लावायचा कसा ते दाखवायचं नाही.

आता बिबट्या. जिवंत प्राणी अजिबात नको, बिबट्या-वाघ-माकडं शूटिंगला वापरायला बंदीच आहे, आणि सर्पमित्राला सांगून नाग सोडू ही आयडिया पण सोडून द्या, त्या जिवाचे हाल करून त्यालाच वाचवायचा पिक्चर कसला काढता! त्याऐवजी खुणा दाखवा. ओल्या मातीत पायाचा ठसा करा, चार बोटं आणि मागे मोठी गादी, नखं उमटवू नका, बिबट्या चालताना नखं आत ठेवतो, नखं दिसली की जाणकार म्हणणार हा कुत्रा. डोळ्यांसाठी काळ्या पुठ्ठ्यावर सायकलच्या रेडियमचे दोन गोल तुकडे, दोन-तीन बोटांच्या अंतरावर, पुठ्ठा झुडपात गुडघ्याच्या उंचीवर, टॉर्च मात्र लेन्सला अगदी चिकटून धरायचा, लांब धरला तर चमकतच नाहीत. मी सांगते, अंधारात ते दोन ठिपके दिसले ना की अंगावर काटा येतो.

रात्रीचे सीन रात्री नका करू, सूर्य बुडाल्यावर लगेच घ्या, कॅमेऱ्यातलं व्हाइट बॅलन्स (रंगांचं सेटिंग) ३२०० केल्विनच्या आसपास आणि एक्स्पोजर कमी, निळसर रात्र मिळते आणि टीम वेळेत घरी.

साउंडला कंजूषी नको. दुसरा मोबाईल झाडाखाली ठेवून रातकिडे, पाणी, पानं वेगळं रेकॉर्ड करा. बिबट्या यायच्या आधी वानरांचा खॅक-खॅक ओरडा टाका, रानात खरंच तसंच होतं, वानरं त्याला वरून बघतात आणि सगळ्यांना सावध करतात.

शेवटच्या पाटीवर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन टाका, मोठ्या अक्षरात, आणि लोकांना वाचता येईल इतका वेळ ठेवा.