अंगावरून जास्त जातंय का ते कसं ओळखायचं

डॉक्टर विचारतात पाळीत ब्लीडिंग किती होतं, आणि आपण सांगतो "नेहमीसारखंच". आता नेहमीचंच मुळात जास्त असेल तर? मी कित्येक वर्षं रात्री दोनदा उठून पॅड बदलायचे आणि मला वाटायचं सगळ्याजणींचं असंच असतं.

तर कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथंच पाळी आली त्या तारखेला गोल करायचा. तो पहिला दिवस, तिथून पुढची येईपर्यंत मोजायचं, 21 ते 35 दिवसांत आली तर ठीक, दर महिन्याला त्याच तारखेला यायला तो काय ईएमआय आहे का. आणि गोलाशेजारी रोज किती पॅड लागले तो आकडा, पूर्ण भिजलेले वेगळे, नुसतेच बदललेले वेगळे, नाहीतर हिशोब चुकतो.

सात दिवसांच्या वर जातंय, तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, 10 रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतायत, तर ते जास्तच. तारीख चुकून मग एकदम खूप जायला लागलं तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट. तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास चाललं किंवा चक्कर येतेय तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत डाग दिसला तर एक थेंब असला तरी दाखवायचं.

डॉक्टर बहुतेक सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं), थायरॉईड आणि सोनोग्राफी सांगतील. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, शी काळी होते त्याला घाबरू नका.

आणि पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाका" म्हटलं तर थांबा. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्या, 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कॅन्सर वगैरे नसेल तर आधी पाळीपुरत्या घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, कॉपर टीसारखीच आत बसवायची पण हार्मोनवाली असते, ते चालेल का विचारा, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

जानेवारीत जुनं कालनिर्णय रद्दीत जायच्या आधी त्या पानांचे फोटो तेवढे काढून ठेवा, माझी अर्ध्या वर्षाची नोंद सासूबाईंनी डब्याखाली घातली होती.